भांडण मालगाडीवाल्यांचं आणि बंद पडली पॅसेंजर! अमेरिकेत रेल्वेचा संप इतका अवघड का?

सप्टेंबर २०२२. शिकागोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या एकेक करून रद्द व्हायला लागल्या. एम्पायर बिल्डर, कॅलिफोर्निया झेफर, साऊथवेस्ट चीफ ही त्यातली मोठी नावं. दोन-दोन रात्री गाडीत काढायला लागतात असले हे प्रवास. १४ तारखेला तर अ‍ॅमट्रॅकने जाहीरच करून टाकलं की उद्यापासून लांब पल्ल्याची एकही गाडी सुटणार नाही.

कारण काय, तर रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप होणार होता.

यात गंमत अशी की अ‍ॅमट्रॅकच्या कर्मचाऱ्यांचं अ‍ॅमट्रॅकशी त्या वेळी काही भांडणच नव्हतं. त्यांना संपावर जायचं नव्हतं, त्यांची नोटीसही नव्हती. भांडण होतं मालगाड्या चालवणाऱ्या खासगी कंपन्यांचं आणि त्यांच्या कामगारांचं. तरी घरी बसायची वेळ आली ती प्रवाशांवर. आणि तो संप? तो तर झालाच नाही. तो होऊ नये म्हणून अमेरिकेच्या संसदेने चक्क कायदा केला.

हे सगळं नेमकं काय प्रकरण आहे, हे समजून घ्यायचं तर आधी एक साधा प्रश्न विचारायला लागतो.

अमेरिकेत रूळ कुणाचे?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर शेंबडं पोरगंही देईल. रूळ सरकारचे, गाड्या सरकारच्या, ड्रायव्हर सरकारचा, तिकीट तपासनीसही सरकारचाच. अमेरिकेत तसं नाही. तिथे सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास रेल्वेमार्ग आहेत, म्हणजे भारताच्या तिपटीहून जास्त. पण त्यातले बहुतेक सगळे खासगी मालवाहतूक कंपन्यांच्या मालकीचे आहेत. युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न ही त्यातली चार मोठी नावं. यातली बीएनएसएफ म्हणजे वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची कंपनी.

एकेकाळी या खासगी कंपन्याच प्रवासी गाड्या चालवायच्या. त्या काळी त्यांच्यात चढाओढ असायची, कुणाचा डायनिंग कार भारी, कुणाचा स्लीपर डबा आलिशान. मग दुसऱ्या महायुद्धानंतर हायवे आले, घरटी मोटार आली, विमानं आली. प्रवासी गाड्या तोट्यात जायला लागल्या. १९६७ मध्ये टपाल खात्याने गाड्यांमधून जाणारी बरीचशी टपालाची डाक काढून घेतली आणि होती ती हक्काची कमाईही गेली. जून १९७० मध्ये पेन सेंट्रल नावाची अवाढव्य रेल्वे कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा सरकार जागं झालं.

निक्सन यांच्या काळात कायदा झाला आणि १ मे १९७१ पासून अ‍ॅमट्रॅक नावाची सरकारी पैशांवर चालणारी कंपनी सुरू झाली. सौदा असा होता की खासगी कंपन्यांनी प्रवासी गाड्यांचा तोटा अ‍ॅमट्रॅकच्या गळ्यात टाकायचा आणि मोकळं व्हायचं. त्या बदल्यात आपल्या रुळांवरून अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या जाऊ द्यायच्या. त्या एका दिवसात देशातल्या जवळपास निम्म्या प्रवासी गाड्या कायमच्या बंद झाल्या. ज्या उरल्या त्या अ‍ॅमट्रॅककडे आल्या.

रूळ मात्र आले नाहीत. आजही अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या ज्या मार्गांवरून धावतात त्यातला सुमारे ९७ टक्के मार्ग दुसऱ्याच्या मालकीचा आहे. म्हणजे अ‍ॅमट्रॅक ही भाडेकरू आहे. सिग्नल घरमालकाचा, कंट्रोल रूम घरमालकाची, रूळ दुरुस्त करणारा गँगमन घरमालकाचा.

मग घरमालकाच्या माणसांनी संप केला तर भाडेकरूची गाडी कुठून जाणार? २०२२ मध्ये नेमकं हेच झालं. संप १६ सप्टेंबरच्या मध्यरात्री सुरू होणार होता. कॅलिफोर्नियाला निघालेली गाडी मध्येच नेवाडाच्या वाळवंटात अडकून पडू नये म्हणून अ‍ॅमट्रॅकने तीन-चार दिवस आधीपासूनच गाड्या सोडणं थांबवलं. शिकागोच्या लोकलचीही तीच अवस्था. मेट्रा म्हणतात तिला. तिच्या काही लाईनींवर तर गाडी चालवणारे लोकही त्या वेळी मालवाहतूक कंपन्यांचेच होते.

घरमालक त्रास कसा देतो?

संप सोडा, एरवीही भाडेकरूचं फार चांगलं चाललंय असं नाही. कोकण रेल्वेच्या सिंगल लाईनवर ज्याने रात्र काढली आहे त्याला क्रॉसिंग म्हणजे काय हे सांगायला नको. समोरून गाडी येते म्हणून आपली गाडी लूप लाईनला टाकतात आणि आपण खिडकीतून काळोखाकडे बघत बसतो. पण आपल्याकडे निदान मालगाडी बाजूला आणि एक्सप्रेस पुढे, असा रिवाज आहे.

अमेरिकेत हा रिवाज चक्क कायद्यात लिहिलेला आहे. १९७३ पासून कायदा सांगतो की प्रवासी गाडीला मालगाडीच्या आधी वाट द्यायची. पण या कायद्याचा भंग झाला तर अ‍ॅमट्रॅकला स्वतः कोर्टात जाता येत नाही, ते काम न्याय खात्याचं. आणि न्याय खात्याने असा खटला पहिल्यांदा भरला १९७९ मध्ये, सदर्न पॅसिफिक कंपनीवर. त्यानंतरचा खटला थेट जुलै २०२४ मध्ये, नॉरफोक सदर्नवर. मधे ४५ वर्षं गेली! न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या क्रेसेंट गाडीबद्दल सरकारने कोर्टात सांगितलं की २०२३ मध्ये दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी फक्त २४ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या. चारातली एक.

यामागे एक कारण अगदी साधं आहे. कंपन्यांनी मालगाड्या इतक्या लांब केल्या की त्या लूप लाईनमध्ये मावतच नाहीत. दोन-तीन मैल लांबीची मालगाडी बाजूला काढायची कुठे? मग बाजूला कोण थांबणार, तर पाच-सात डब्यांची पॅसेंजर.

आता या लांबलचक मालगाड्यांचं आणि कामगारांच्या भांडणाचं मूळ एकच आहे.

माणसं कमी, गाड्या लांब

हंटर हॅरिसन नावाचे एक रेल्वे अधिकारी होऊन गेले. त्यांनी एक पद्धत रूढ केली, 'प्रिसिजन शेड्यूल्ड रेलरोडिंग'. सोप्या भाषेत सांगायचं तर गाड्या कमी पण लांब, यार्ड कमी, इंजिनं कमी आणि माणसं कमी. शेअर बाजाराला ही पद्धत फार आवडली, म्हणून एकापाठोपाठ एक बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ती उचलली. परिणाम असा झाला की २०२२ पर्यंतच्या सहा वर्षांत मोठ्या मालवाहतूक कंपन्यांमधले सुमारे २९ टक्के, म्हणजे जवळपास ४५ हजार कर्मचारी कमी झाले. हा आकडा युनियनचा नाही, रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलेला आहे.

माणसं कमी झाली की राहिलेल्यांवर भार येतो. मालगाडीच्या ड्रायव्हरला तिथे ठरलेली ड्युटी नसते. फोन आला की दीड-दोन तासांत यार्डात हजर व्हायचं. मग गाडी घेऊन दुसऱ्या गावाला जायचं, तिथल्या हॉटेलात झोपायचं, परत यायची गाडी मिळेल तेव्हा परत यायचं. पोराचा वाढदिवस, बायकोचं ऑपरेशन, स्वतःच्या दाढेचं दुखणं, कशाचाच हिशोब आधी मांडता येत नाही.

आणि आजारपणाची पगारी रजा किती? शून्य.

नीट वाचा, शून्य. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या या कंपन्यांच्या बहुतेक कामगारांना तापाने अंथरूण धरलं तर एका दिवसाचीही पगारी आजारपणाची रजा नव्हती. कंपन्यांचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणायच्या की यांना वार्षिक सुट्ट्या आहेत, वैयक्तिक रजा आहेत, आजारपण लांबलं तर काही दिवसांनंतर भत्ताही मिळतो आणि पगार तर इतर कामगारांपेक्षा बरेच बरे आहेत. हे खोटं नव्हतं. पण दोन दिवसांच्या तापाला यातलं काहीच कामाला येत नव्हतं.

त्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये बीएनएसएफने हजेरीची नवी पद्धत आणली. प्रत्येक कामगाराला ३० पॉइंट. गैरहजर राहिलं की पॉइंट कापायचे, शनिवार-रविवार किंवा सणावाराला राहिलं तर जास्त कापायचे, आणि पॉइंट संपले की कारवाई. दोन युनियनचे मिळून सुमारे १७ हजार कामगार यावरून संपाची भाषा करू लागले. टेक्सासमधल्या फेडरल न्यायाधीशाने संपालाच मनाई केली.

कोर्ट असं कसं करू शकतं, हे कळायला थोडं मागे जायला हवं. सव्वाशे-दीडशे वर्षं मागे.

आधी गोळ्या, मग कायदा

१८७७ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १० टक्के पगारकपात केली. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावात कामगारांनी इंजिनं अडवली आणि बघता बघता संप अर्ध्या देशात पसरला. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी सैन्य उतरवलं. सुमारे १०० माणसं मेली.

१८९४ मध्ये पुलमन प्रकरण झालं. जॉर्ज पुलमन हे रेल्वेचे स्लीपर डबे बनवायचे. शिकागोजवळ त्यांनी कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं होतं, घरंही त्यांचीच, भाडंही तेच घ्यायचे. मंदी आली तसे त्यांनी पगार कापले, घरभाडं मात्र कापलं नाही. कामगार भडकले. यूजीन डेब्स यांच्या युनियनने पुलमनचा डबा जोडलेली कुठलीही गाडी चालवायची नाही असं ठरवलं. यावर रेल्वे कंपन्यांनी डोकं लढवलं. टपालाच्या गाडीला पुलमनचा डबा जोडायचा, म्हणजे ती अडवणारा सरकारी टपाल अडवणारा ठरतो. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सैन्य पाठवलं, कोर्टाने मनाई हुकूम काढला, डेब्स सहा महिने तुरुंगात गेले. याच क्लीव्हलंड यांनी त्याच वर्षी जून महिन्यात 'लेबर डे'च्या सुट्टीवर सही केली होती. एका हाताने कामगारांना सुट्टी दिली, दुसऱ्या हाताने सैन्य पाठवलं.

१९१६ मध्ये उलटं घडलं. चार मोठ्या युनियननी देशभर संपाची हाक दिली आणि संसदेने घाबरून आठ तासांच्या दिवसाचा कायदाच करून टाकला. १९२२ मध्ये वर्कशॉपमधल्या सुमारे चार लाख कामगारांनी संप केला, तो पुन्हा कोर्टाच्या हुकमाने मोडला गेला.

इतकी डोकेफोड झाल्यावर दोन्ही बाजू थकल्या. कंपन्या आणि युनियन एकत्र बसल्या आणि दोघांनी मिळून एका कायद्याचा मसुदा तयार केला. १९२६ चा 'रेल्वे लेबर अ‍ॅक्ट' तो हाच. पुढे १९३६ मध्ये विमान कंपन्याही त्यात आल्या. तो आजही लागू आहे.

या कायद्याची कल्पना थोडक्यात अशी, की संपाचा हक्क काढून घ्यायचा नाही, पण तिथे पोहोचेपर्यंत माणूस दमला पाहिजे.

इथे करार कधी संपतच नाही. मुदत झाली की तो फक्त 'बदलता येण्याजोगा' होतो आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. आधी दोघांनी आपसात बोलायचं. जमलं नाही तर राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाकडे जायचं. हे तीन सदस्यांचं मंडळ वाटेल तितके महिने, वाटेल तितकी वर्षं चर्चा लांबवू शकतं, आणि ते 'सुटलात' म्हणत नाही तोवर संप बेकायदा. सुटका झाली की ३० दिवस शांत बसायचं. मग राष्ट्राध्यक्ष एक आणीबाणी मंडळ नेमू शकतात, ते शिफारशी करतं, त्यानंतर पुन्हा ३० दिवस थांबायचं. त्या दिवसांचा शेवट झाला की मगच संपाची किंवा टाळेबंदीची मोकळीक. आणि चालू कराराचा अर्थ काय लावायचा, एवढ्यापुरतं भांडण असेल तर संप अजिबात करायचा नाही, लवादाकडे जायचं. बीएनएसएफच्या पॉइंटवाल्या प्रकरणात कोर्टाने हीच बाजू उचलून धरली होती.

'वर्षं' हा शब्द उगाच वापरलेला नाही. अ‍ॅमट्रॅकच्याच अनेक कामगारांचा करार २००० च्या आसपास बदलायला आला होता. नवा करार ठरला जानेवारी २००८ मध्ये. आठ वर्षं! तेवढ्यात पोरगं पहिलीतून नववीत जातं.

आणि हे सगळं पार करून कुणी संपाच्या दारात पोहोचलंच, तर संसद बसलेलीच आहे.

ट्रुमन यांची चिठ्ठी

संसदेचा किस्सा सांगायचा तर १९४६ चा सांगायला हवा. महायुद्ध संपलं होतं, महागाई वाढली होती, आणि २३ मे रोजी ड्रायव्हर आणि गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या दोन युनियन संपावर गेल्या. त्या काळी सगळा देश रेल्वेवर चालायचा. गाड्या जागच्या जागी थांबल्या. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन हे कामगारांच्या बाजूचे मानले जायचे, पण ते इतके संतापले की २५ मे रोजी संसदेत उभे राहून त्यांनी अधिकार मागितला, संपकऱ्यांना सैन्यात भरती करून घेण्याचा. म्हणजे ड्रायव्हर आता शिपाई, आणि गाडी चालवणं हा लष्करी हुकूम.

भाषण चालू असतानाच सिनेटच्या सचिवाने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. ट्रुमन यांनी ती तिथेच वाचून दाखवली. संप मिटला होता, त्यांच्याच अटींवर. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. भरतीचं विधेयक प्रतिनिधीगृहाने तरीही प्रचंड बहुमताने मंजूर केलं, सिनेटने मात्र ते अडवलं.

त्यानंतर संसद या कामात सरावली. १९६३ मध्ये वेगळाच वाद होता. वाफेची इंजिनं जाऊन डिझेल आलं होतं, कोळसा टाकायचं कामच उरलं नव्हतं, तरी प्रत्येक इंजिनावर फायरमन होता. कंपन्या म्हणाल्या काढा, युनियन म्हणाली ठेवा. संसदेने कायदा करून लवाद लादला. खरं सांगायचं तर या वादात कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पगाराचे जुने नियमही असेच होते. वाफेच्या काळात मालगाडी ताशी १२-१३ मैलांनी जायची, म्हणून १०० मैल म्हणजे एका दिवसाचं काम असं ठरलेलं. गाड्या वेगवान झाल्या तरी हे १०० मैल बरीच दशकं टिकून राहिले.

१७ एप्रिल १९९१ ला देशभर संप झाला. तो किती काळ चालला? एक दिवससुद्धा नाही. संसदेने त्याच दिवशी विधेयक मंजूर केलं आणि थोरल्या बुश यांनी लगेच सही केली. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू. पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये पुन्हा दोन दिवस रेल्वे बंद पडली आणि पुन्हा संसदेनेच ती सुरू केली.

बायडन यांची पंचाईत

आता पुन्हा २०२२ कडे येऊ. १२ युनियन, सुमारे १ लाख १५ हजार कामगार, जवळपास तीन वर्षांची बोलणी. बायडन यांनी जुलैमध्ये आणीबाणी मंडळ नेमलं. मंडळाने ऑगस्टमध्ये पाच वर्षांत २४ टक्के पगारवाढ, दरवर्षी १,००० डॉलर बोनस आणि एक जादा वैयक्तिक रजा अशी शिफारस केली. पगारवाढ चांगलीच होती. पण कामगारांनी सुरुवातीला मागितली होती १५ दिवसांची आजारपणाची पगारी रजा, आणि त्यावर मंडळाने हात वर केले.

१४ सप्टेंबरला कामगार मंत्री मार्टी वॉल्श यांनी दोन्ही बाजूंना आपल्या खात्याच्या इमारतीत बसवलं. २० तास बैठक चालली. १५ तारखेच्या पहाटे समझोता झाला, डॉक्टरकडे जायला ठरावीक वेळा बिनपगारी सूट मिळाली आणि रद्द झालेल्या गाड्या पुन्हा लागल्या. टीव्हीवर सगळे हसतमुख.

पण नेत्यांनी हात मिळवले म्हणून काम होत नाही, सभासदांचं मतदान व्हावं लागतं. १२ पैकी आठ युनियननी होकार दिला, चौघींनी नकार. नकार देणाऱ्यांत रूळ दुरुस्त करणारे होते, सिग्नलवाले होते आणि सगळ्यांत मोठी, कंडक्टर लोकांची युनियन होती. तिच्यात ५०.८७ टक्के मतं विरोधात पडली, म्हणजे अगदी काठावर. पण एकीने जरी संप केला तरी बाकीच्या तिची फळी ओलांडून कामावर जाणार नव्हत्या.

९ डिसेंबरची तारीख समोर होती. ऐन नाताळात संप झाला तर रोजचं नुकसान दोन अब्ज डॉलर, असा आकडा कंपन्यांच्या संघटनेने लावलेला. पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा रेल्वेनेच जातं, त्यामुळे शहरांच्या पाण्यापर्यंत प्रश्न येणार होता.

बायडन म्हणजे रेल्वेचा माणूस. सिनेटर असताना ते वर्षानुवर्षं डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनहून वॉशिंग्टनला अ‍ॅमट्रॅकने अप-डाऊन करायचे. लोक त्यांना 'अ‍ॅमट्रॅक जो' म्हणतात, विल्मिंग्टनच्या स्टेशनला त्यांचं नाव आहे. आपण सगळ्यांत कामगारधार्जिणे राष्ट्राध्यक्ष आहोत असं ते सांगायचे. त्याच बायडन यांनी संसदेला विनंती केली, समझोता कायद्याने लादा.

३० नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहाने तो २९० विरुद्ध १३७ मतांनी मंजूर केला. सोबत सात दिवसांच्या पगारी आजारी रजेचा वेगळा ठरावही २२१ विरुद्ध २०७ ने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये समझोता ८० विरुद्ध १५ ने पास. रजेच्या बाजूने ५२ मतं पडली, विरोधात ४३. जास्त मतं पडूनही ठराव पडला, कारण तिथे ६० लागत होती. २ डिसेंबरला बायडन यांची सही झाली आणि संप बेकायदा ठरला.

आपल्याकडे ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर संप झाला, तेव्हा इंदिरा गांधींच्या सरकारने हजारोंना तुरुंगात टाकून तो २० दिवसांत मोडला. अमेरिकेत एकालाही अटक झाली नाही. दोन दिवसांत दोन सभागृहं आणि एक सही, एवढ्यात काम झालं.

मग रजेचं काय झालं? इथे एक अनपेक्षित वळण आहे. डिसेंबरमध्ये ज्या कंपन्या रजा परवडत नाही म्हणत होत्या, त्यांनीच दोन महिन्यांत मन बदललं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीएसएक्सने दोन युनियनना चार दिवसांची पगारी आजारी रजा दिली आणि मग वर्षभरात बाकीच्या कंपन्या एकेका युनियनशी तसेच करार करत गेल्या. त्याच महिन्यात ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईन गावात नॉरफोक सदर्नची रसायनं नेणारी मालगाडी घसरली होती आणि रेल्वे कंपन्यांवर चहूबाजूंनी टीका चालू होती. युनियनवाले त्यांच्या मागे लागलेले होते आणि बायडन सरकारही पडद्याआडून रेटा लावत होतं. जे संसदेत मिळालं नाही ते असं मिळालं.

न्यू जर्सीत मात्र संप झाला

एवढं वाचून वाटेल की अमेरिकेत रेल्वेचा संप होतच नाही. होतो. १६ मे २०२५ ला झाला, आणि तोही जिथे मराठी माणसं भरपूर आहेत त्या न्यू जर्सीत.

एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन ही स्टेशनं तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना डोंबिवली-ठाण्यासारखी पाठ असतात. सकाळी एनजे ट्रान्झिटची गाडी पकडायची आणि न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरायचं. रोज साधारण साडेतीन लाख प्रवासी ही सेवा वापरतात, आणि त्यांच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर होते अवघे ४५०. तेवढे थांबले आणि एनजे ट्रान्झिटची लोकल बंद पडली.

ड्रायव्हरांचा मुद्दा सरळ होता. पेन स्टेशनात आमची गाडी जिथे उभी असते तिथेच शेजारी अ‍ॅमट्रॅकची आणि लाँग आयलंडची गाडी उभी असते. काम तेच, मग त्यांना पगार जास्त का? त्यांचा करार २०१९ पासून अडकला होता. उपनगरी रेल्वेला त्याच कायद्यात वेगळं कलम आहे, तिथे एकाऐवजी दोन आणीबाणी मंडळं आणि २४० दिवसांपर्यंत थांबणं. तेही सगळं करून झालं होतं. एप्रिलमध्ये नेत्यांनी एक समझोता आणला, तो सभासदांनी ८७ टक्के मतांनी फेटाळला. मग मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने गाड्या थांबल्या. याआधीचा तिथला रेल्वे संप १९८३ चा, तो ३४ दिवस चालला होता.

त्याच दिवसांत मेटलाईफ स्टेडियमवर शकीराचे कार्यक्रम होते. तिथे जाणाऱ्या रेल्वेगाड्या आधीच रद्द केल्या गेल्या. पर्यायी बस न्यूयॉर्कच्या प्रवाशांपैकी फार तर २० टक्के लोकांना नेऊ शकतील, असं प्रशासनाने स्वतःच सांगून ठेवलं होतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी घरून काम करा, हा सल्ला. आयटीवाल्यांना तो पटला असेल, हॉस्पिटलात सफाई करणाऱ्याने काय करायचं हे कुणी सांगितलं नाही.

संप तीन दिवसांत मिटला. रविवारी १८ मे रोजी समझोता, मंगळवारपासून गाड्या. या वेळी संसद मध्ये पडली नाही. एका राज्याची लोकल बंद पडण्याने देशाचा माल अडत नाही, हे त्याचं मोठं कारण. ड्रायव्हरांना पगारवाढ मिळाली आणि जूनमध्ये त्यांनी मतदानाने करार स्वीकारला.

आणि प्रवासी?

प्रवासी वाढतायत. अ‍ॅमट्रॅकने २०२४ च्या आर्थिक वर्षात ३ कोटी २८ लाख प्रवासी नेले, तोवरचा विक्रम. आपल्याला हा आकडा ऐकून हसू येईल, कारण मुंबईच्या लोकलला रोज ७० लाखांच्या आसपास लोक लटकलेले असतात, म्हणजे त्यांचं वर्ष हे आपले पाच दिवस. पण त्या देशाने रेल्वे सोडून दिली होती, हे लक्षात घेतलं तर आकडा लहान वाटत नाही.

२०२१ च्या कायद्यात रेल्वेसाठी ६६ अब्ज डॉलर ठेवले गेले, त्यातले २२ अब्ज थेट अ‍ॅमट्रॅकला. ऑगस्ट २०२५ मध्ये बोस्टन-न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर ताशी २५७ किलोमीटर धावू शकणारी नवी असेला आली. या पट्ट्यात बहुतांश रूळ अ‍ॅमट्रॅकचे स्वतःचे आहेत, आणि गाड्या बऱ्या चालतात त्याही तिथेच. तरी हडसन नदीखालून न्यूयॉर्कला जाणारे बोगदे १९१० चे आहेत आणि २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं होतं. त्यांच्या शेजारी नव्या बोगद्यांचं काम आता कुठे सुरू आहे.

मालवाहतूक कंपन्यांनी पुढच्या फेरीत वेगळा डाव टाकला. सगळ्यांनी मिळून तीन वर्षं घासाघीस करण्यापेक्षा बऱ्याच कंपन्यांनी बहुतेक युनियनना आधीच गाठून पाच वर्षांत सुमारे १८.८ टक्के वाढीचे करार उरकून घेतले. जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्न विकत घेण्याचा सौदाही जाहीर केला. तो सरकारने मान्य केला तर एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत एकाच मालकाचे रूळ असतील, आणि त्यावरून जाणाऱ्या अ‍ॅमट्रॅकला वाट कुणी द्यायची हेही तोच मालक ठरवेल.

लाँग आयलंड रेल्वेच्या पाच युनियन तर सप्टेंबर २०२५ मध्येच संपाच्या उंबरठ्यावर पोहोचल्या होत्या. शेवटच्या क्षणी त्यांनी स्वतःच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याकडे आणीबाणी मंडळ मागितलं आणि कायद्यातलं ते लांबलचक घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.